जोडासमोरची सीट

मच्छिंद्र मिस्तरीच्या दुकानाच्या पाटीवर दोनच ओळी आहेत. वरची साधी आहे: ‘गाडीचे आतील सर्व प्लास्टिक काम.’ खालची त्याने स्वतः उभं राहून लिहून घेतली: ‘तुटले तर दुसरीकडून तुटेल, जोडावर तुटणार नाही.’ पेंटर म्हणाला होता की मिस्तरी, गिऱ्हाइकाला ‘तुटेल’ हा शब्द वाचायला आवडत नसतो. मच्छिंद्र म्हणाला, तू लिही. अंबडच्या कोर्टाकडे जाणाऱ्या रस्त्यावर ही पाटी अकरा वर्षं उन्हात उभी आहे, आणि अकरा वर्षांत ती खोटी ठरवायला कुणी माईचा लाल पुढे आलेला नाही.

डिसेंबरातल्या एका मंगळवारी सकाळी साडेदहा वाजता त्याच पाटीची मच्छिंद्राला भीती वाटली.

झालं असं की दहाच्या सुमाराला केशवरावांची पांढरी गाडी दुकानासमोर येऊन थांबली होती. केशवराव म्हणजे अंबडच्या कोर्टात एकतीस वर्षं काढून निवृत्त झालेले शिरस्तेदार. शर्टाचं वरचं बटण कायम लावलेलं, बोलणं मोजकं, आणि आपण एकदा ठरवलं की त्यावर अपील नाही असा स्वभाव. गाडी त्यांचा मुलगा निखिल चालवत होता. तो जालन्याला बँकेत असतो. त्याच्या शेजारी पुढच्या सीटवर केशवरावांच्या पत्नी रजनीताई बसल्या होत्या. त्यांचे गुडघे नीट वाकत नाहीत, म्हणून पुढची जागा कायम त्यांची. सीट पार मागे सरकवायची, गुडघ्यांखाली निळ्या चौकडीची उशी घ्यायची आणि पाय लांब करायचे, ही त्यांची ठरलेली बैठक.

“तीर्थपुरीला निघालोय,” केशवराव मागच्या खिडकीतून म्हणाले. “निवेदिताचं डोहाळजेवण आहे. संध्याकाळी तिला बाळंतपणाला घेऊनच येतो. म्हटलं जाता जाता निखिलला तुमच्यासमोर विचारावं. सांग रे, कुठे तुटलं होतं?”

निखिलने मच्छिंद्राने जोडून दिलेल्या डॅशबोर्डवर बोटं फिरवली, वाकून पाहिलं, तिरकं होऊन उजेडात पाहिलं. त्याला काही सापडलं नाही. केशवराव विजयाने हसले. कारण शोरूमवाल्यांनी अख्खा डॅशबोर्ड बदला म्हणून सांगितलं होतं, निखिलनेही तेच म्हटलं होतं, आणि केशवरावांनी एकट्याने मच्छिंद्राच्या बाजूने निकाल दिला होता.

“येताना इथे निवेदिताला बसवायचं,” रजनीताई डॅशबोर्डवर हात ठेवून म्हणाल्या. “आठवा महिना लागलाय, तिला ऐसपैस पाहिजे. मी बसेन मागे कशीबशी. मच्छिंद्रभाऊ, हात आहे हो तुमचा!”

मच्छिंद्र लाजला, गाडी गेली, आणि तो खुशीत गुणगुणत कामाला लागला. माणसाने इतकं खूश होऊ नये, नजर लागते म्हणतात. इथे नजर कुणाची नव्हती, चूक त्याची स्वतःची होती, आणि ती अर्ध्या तासाने टेम्पोत बसून दुकानाकडे आली.

टेम्पोतून धर्मराज उतरला. हा अंबडचाच, खताचा दुकानदार. पंधरा दिवसांपूर्वी रस्त्याच्या कडेला बिनरिफ्लेक्टरची उसाची ट्रॉली उभी होती, तिच्यात त्याची गाडी मागून घुसली होती. गाडी केशवरावांचीच होती म्हणा ना; तीच कंपनी, तेच मॉडेल, रंग तेवढा लाल. दोघांनी मिळून तिचा फुटका डॅशबोर्ड टेबलावर ठेवला.

“मिस्तरी, पहिल्यासारखं करून द्या,” धर्मराज म्हणाला. “गाडी इकून टाकायचीय. बायको तिच्यात बसायचं नाव घेईना.”

“वहिनी कशा हायेत?”

“हनुवटीला खरचटलं फकस्त. फुगा बराबर उघडला ना. न्हाईतर गेल्ती हातातून.”

एअरबॅगला आपल्याकडे फुगाच म्हणतात. मच्छिंद्राने मान डोलावली आणि डॅशबोर्ड आपल्याकडे वळवला. डाव्या बाजूला, शेजारच्या माणसाच्या समोर येतो त्या भागात, पेटीचं झाकण उघडावं तसा एक चौकोन वर उघडला होता. मच्छिंद्राने त्याच्या कडेवरून अंगठा फिरवला आणि अंगठा मध्येच थांबला.

तुटीला दात असतात. गाडीचं प्लास्टिक कुठेही तुटू द्या, कड खरखरीत असणार, कुठे पांढरी पडलेली, कुठे टवका गेलेला. वीस वर्षं मच्छिंद्र या दातांत दात बसवत आला होता. या झाकणाच्या कडेला दातच नव्हते. ती ब्लेडने कापावी तशी सरळ होती. त्याने डॅशबोर्ड उलटा केला. मागच्या बाजूने, झाकणाच्या तीन बाजूंना, बारीक खोबणी होती. तिथे प्लास्टिक मुद्दाम निम्म्याहून पातळ ठेवलेलं होतं.

ही खोबणी त्याने तीन आठवड्यांपूर्वी पाहिली होती. केशवरावांच्या डॅशबोर्डाच्या पाठीवर. ती त्याने बुजवली होती.

“हे… हे मुद्दाम आसतंय का?” त्याने विचारलं. आवाज त्याचा त्यालाच परका वाटला.

“मंग! तिथं आतून चीर दिल्याली आसती. फुग्यानं धक्का मारला की झाकण उघडाया पायजे. मेकॅनिकनं दावलं मला.”

“आन न्हाई उघडलं तर?”

धर्मराजने खांदे उडवले. “तर सगळा तुकडाच बसंल की तोंडावर, दगडावानी.”

आता मच्छिंद्राने ही चूक का केली, हे समजायला तो कुठून आला हे समजलं पाहिजे. तीर्थपुरीजवळच्या एका गावात त्यांची शेती आहे. ती आता भाऊ कल्याण पाहतो. मच्छिंद्र बारा वर्षांचा असताना आई झुंबरबाईची प्लास्टिकची घागर बुडाला चिरली. त्याने चुलीत खुरप्याचं टोक तापवलं आणि चिरेवरून फिरवलं. घागर पुढे सहा वर्षं टिकली. शेवटी ती काठाला फुटली, बुडाला नाही. झुंबरबाई गावभर सांगत फिरली की माझ्या लेकाचा जोड असलपेक्षा घट्ट आहे. मग फवारणीच्या पंपाच्या टाक्या आल्या, ठिबकच्या नळ्या आल्या, आणि एक दिवस अंकुशनगरच्या साखर कारखान्यातल्या एका अधिकाऱ्याच्या जीपचं दाराचं पॅनल आलं. त्या पॅनलने त्याला अंबडला आणलं.

काम त्याचं देखणं. हिवाळ्यात गाडी आली की आधी तासभर उन्हात उभी करायला लावणार, कारण थंडीत प्लास्टिक अकडतं आणि क्लिपा कटाकट मोडतात. मग पाठीमागचं एक सालपट काढून जाळून वास घेणार. मेणबत्तीसारखा वास आला तर एक जात, काळा धूर निघून नाकाला झोंबला तर दुसरी. ज्या जातीचा तुकडा त्याच जातीचं भंगार वितळवून भरायचं. आतून स्टीलची बारीक जाळी तापवून प्लास्टिकमध्ये बुडवायची. ही जाळी त्याला चहाच्या गाळणीची सगळ्यात पसंत, त्यामुळे त्याच्या घरात गाळणी कधी वर्षभर टिकली नाही. बायको बेबीनंदा ती पिठाच्या डब्यात लपवून ठेवते. शेवटी बाहेरच्या बाजूला रेक्झिनचा तुकडा गरम दाबून मूळच्यासारखे सुरकुतलेले ठसे उठवायचे. आणि सगळं झालं की पाठीवर, कुणाला दिसणार नाही अशा जागी, तापल्या टोकाने एक छोटा ‘म’ काढायचा.

केशवरावांच्या गाडीची पुढची काच बदलताना कुणीतरी डॅशबोर्डवर गुडघा टेकला आणि एसीच्या जाळीपासून तडा गेला. मेकॅनिकने फुग्याचा डबा आणि वायरी आपल्याकडे ठेवून घेतल्या आणि नुसतं कवच मच्छिंद्राकडे पाठवलं. पद्धतच तशी आहे. उघडणारा वेगळा, जोडणारा वेगळा, बसवणारा वेगळा; त्यामुळे कुठल्या भागाखाली काय बसतं हे मच्छिंद्राने कधी पाहिलंच नाही. त्याच्याकडे आजवर येणाऱ्या जुन्या गाड्यांत तर हा फुगा नव्हताच. त्याने कवच उलटं केलं, तडा पाहिला आणि तड्याच्या टोकाला लागून ती बारीक खोबणी पाहिली. कंपनीने इथे माल वाचवलाय, असं त्याला वाटलं. चोर लेकाचे, म्हणाला. आणि कुणी सांगितलं नव्हतं तरी, वरचा पैसा न घेता, त्याने ती सगळी खोबणी भरून काढली. वरून जाळी घातली. एक नाही, दोन पदरी.

दुसऱ्या कुणी कामचुकार माणसाने हे केलं नसतं. तड्यावर पट्टी मारून मोकळा झाला असता.

“मिस्तरी, कधी मिळंल?” धर्मराज विचारत होता.

“ह्ये म्या जोडनार न्हाई,” मच्छिंद्र म्हणाला. “तुमी कुनाकडूनच जोडू नगा.” आणि त्याने फोन काढला.

केशवरावांचा फोन वाजत राहिला. कोर्टात एकतीस वर्षं काढलेल्या माणसाचा फोन कायम मुका असतो. घरी, देवळात, गाडीत, कुठेही. मच्छिंद्राने चार वेळा लावला, पाच वेळा लावला. निखिलचा नंबर त्याच्याकडे नव्हता. रजनीताईंचा असण्याचा प्रश्नच नव्हता. गाडी जाऊन पस्तीस मिनिटं झाली होती. डिसेंबर म्हणजे ऊसतोडीचा भर, कारखान्याकडे जाणाऱ्या प्रत्येक रस्त्यावर दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर.

दुकानाच्या मागेच घर आहे. तो आत गेला. बेबीनंदा ज्वारी निवडत बसली होती. त्याने उभ्याउभ्याच सगळं सांगितलं.

“कुनाला कळंल का ते?” तिने विचारलं.

“न्हाई. कंपनीच्या मानसालाबी वरून दिसनार न्हाई. लई झाक काम झालंय.” हे म्हणताना त्याला रडू फुटायचं बाकी राहिलं.

खरं सांगायचं तर त्या क्षणी त्याच्या मनात आलं की गप्प बसावं. रोज हजारो गाड्या जातात, रोज कुठे फुगे उघडतात? हजारात एखादी धडकते. सांगितलं तर मात्र शंभर टक्के पाटी गेली, नाव गेलं, कोर्टाच्या रस्त्यावर हसं झालं ते वेगळंच. असा विचार येणं पाप असेल तर ते पाप त्याने अर्धा मिनिट केलं.

बेबीनंदाने सूप खाली ठेवलं. “आन तिथं बसतंय कोन?”

“जाताना काकू. येताना त्यांची लेक. आठवा म्हैना हाय तिला.”

तिने उठून खिळ्यावरची मोटारसायकलची चावी काढली आणि त्याच्या हातावर ठेवली. “हेल्मेट घ्या,” एवढंच म्हणाली.

तीर्थपुरीचा रस्ता त्याच्या पायाखालचा. पण त्या दिवशी तो संपता संपेना. समोरून ट्रॅक्टर येत होते, रस्त्याच्या बाहेर हातभर ऊस लोंबत होता, वर मोठ्याने गाणी लावलेली. एका ट्रॅक्टरवाल्याने एवढी कट मारली की उसाचं पाचट मच्छिंद्राच्या बाहीला घासून गेलं. दूर कुठे पांढरं काही दिसलं की तो वेग आणखी वाढवायचा. एकदा रस्त्याच्या कडेला पांढरी गाडी तिरकी उभी दिसली, भोवती दोन माणसं. जवळ जाऊन पाहतो तर चाक पंक्चर, आणि गाडी भलत्याचीच. सारखा तो एकच हिशेब करत होता. जाळी दोन पदरी, भरलेलं प्लास्टिक अडीच-तीन मिलिमीटर. आपण आयुष्यात कधी कच्चा जोड दिला नाही, याचं त्याला पहिल्यांदाच वाईट वाटत होतं. कुठेतरी हात राखला असता तर! एखाद्या कोपऱ्यात आळस केला असता तर!

पुढे एका फाट्यावर रस्ता अडला होता. ट्रॉली उलटली होती, ऊस रस्ताभर पसरला होता, आणि अडकलेली माणसं आयताच मिळालेला ऊस सोलून खात उभी होती. गाड्यांच्या रांगेत तिसरी गाडी केशवरावांची. दार उघडं टाकून, पाय बाहेर सोडून रजनीताई पुढच्या सीटवर बसल्या होत्या. हातात उसाचं कांडं होतं.

मच्छिंद्राने मोटारसायकल चहाच्या टपरीला टेकवली आणि तो धावत गेला. रजनीताईंसमोर उभा राहून त्याने हेल्मेट काढलं.

“अगं बाई, मच्छिंद्रभाऊ! काय झालं? घरी सगळं ठीक ना?”

“काकू, आधी हितून उठा,” तो म्हणाला. “मागं बसा.”

मग त्याने सगळं सांगितलं. खोबणी, झाकण, जाळी, धर्मराजची बायको. निखिलचा चेहरा उतरला. केशवराव मात्र हाताची घडी घालून शेवटपर्यंत ऐकत राहिले, आणि शेवटी म्हणाले, “म्हणजे काम पक्कं झालं, ही तुमची तक्रार?”

“साहेब, ते पक्कं व्हायला नगं व्हतं.”

“मच्छिंद्रराव, तुम्हाला कुणीतरी भरवून दिलंय. प्लास्टिकच्या पट्टीला कोण विचारतं? एवढा स्फोट होतो आत.”

“बाबा, ते बरोबर सांगतायत,” निखिल म्हणाला. “मी तेव्हाच म्हटलं होतं, शोरूममध्येच…”

हे वाक्य निखिलने गिळायला हवं होतं. ‘मी तेव्हाच म्हटलं होतं’ हे शब्द केशवरावांनी जन्मात कुणाकडून ऐकून घेतलेले नव्हते. त्यांचे कान लाल झाले. आता प्रश्न डॅशबोर्डाचा उरला नव्हता, निकालाचा झाला होता.

“रजनी, तू बस मागे, तुला भीती वाटत असेल तर,” ते म्हणाले. “पुढे मी बसतो. बघू काय होतं ते.”

“सीट रिकामी राहू द्या साहेब. हात जोडतो.”

“गाडी माझी आहे, सीट माझी आहे आणि जीवही माझाच आहे. अजून काही?”

रजनीताई मुकाट्याने मागे जाऊन बसल्या. गुडघे वाकवताना त्यांच्या तोंडून कळ निघाली. केशवराव गाडीला वळसा घालून पुढच्या दाराकडे निघाले. इतक्यात पुढचा ऊस बाजूला झाला, रांग हलली, मागून भोंगे सुरू झाले. केशवराव दाराशी पोचले तेव्हा सीटवर मच्छिंद्र बसलेला होता. बेल्टसुद्धा लावून.

“उतरा,” केशवराव म्हणाले.

“न्हाई उतरनार.”

“मच्छिंद्रराव, हा काय पोरखेळ?”

“साहेब, जोड माझा हाय. त्याच्या म्होरं कुनी बसायचंच आसंल तर म्या बसतो. तुमाला दुसरं कुनी बसवू देनार न्हाई. तीर्थपुरीपर्यंत आसू द्या, न्हाईतर तिथून माघारी.”

मागचा ट्रकवाला आईबहिणीवरून भोंगा वाजवत होता. वाद घालायला वेळ नव्हता. केशवराव धाडकन दार लावून रजनीताईंच्या शेजारी बसले आणि गाडी हलली. मोटारसायकल टपरीवरच राहिली.

आयुष्यात पहिल्यांदाच मच्छिंद्र आपल्या जोडासमोर बसला होता. एरवी तुकडा टेबलावर असतो आणि माणूस वरून पाहतो. इथे तो छातीसमोर होता, हातभर अंतरावर. तडा कुठून कुठे गेला होता, जाळीची शिवण कुठे संपते, हे त्या गाडीत त्याला एकट्याला दिसत होतं. काम खरोखरच अप्रतिम झालं होतं. ठसा असा जुळला होता की कंपनीला जमला नसता. आणि त्याची छाती अशी धडधडत होती की त्याला वाटलं, मागे ऐकू जात असेल. आपण ही भीती रजनीकाकूंच्या समोर ठेवून दिली होती, तीन आठवडे, त्यांना न सांगता, वर हात फिरवून शाबासकी घेऊन. निळ्या चौकडीची उशी त्याच्या पायांत आली होती. ती त्याने उचलून मांडीवर धरली.

निखिल तीसच्या वर जाईना.

“नेहमीसारखी चालव,” मागून आवाज आला. “मयतीला निघालोय का आपण?”

निखिलने वेग वाढवला. दोन-तीन किलोमीटर मागे पडले. मग डाव्या हाताच्या पांदीतून, उसाच्या फडामागून, एक ट्रॅक्टर रस्त्यावर आला. ना भोंगा, ना हात. ट्रॅक्टर ओलांडून गेला, पहिली ट्रॉली गेली, आणि दुसरी ट्रॉली अख्खा रस्ता अडवून समोर आली.

निखिलने ब्रेकवर उभंच राहिल्यासारखा पाय दाबला. गाडी फरफटत गेली. मच्छिंद्राला समोर ऊस मोठा मोठा होताना दिसला, पण त्याने उसाकडे पाहिलं नाही. त्याने दोन्ही हातांनी उशी तोंडावर दाबून धरली, डॅशबोर्डाच्या आणि आपल्या मध्ये, आणि तोंडातून शब्द निघाला, “आई!”

गाडी थांबली. उसाची टोकं काचेला टेकली होती आणि वाऱ्याने काचेवर खरखरत होती. काही फुटलं नव्हतं. काही उघडलं नव्हतं. ट्रॅक्टरवाल्याला तर पत्ताच नव्हता. तो गाणं ऐकत निघून गेला.

मच्छिंद्र तसाच बसून होता. उशी तोंडावरून काढायचं भान त्याला नव्हतं. मागून रजनीताईंचा हात आला आणि त्याच्या खांद्यावर राहिला. “झालं हो भाऊ. झालं,” त्या म्हणाल्या.

केशवराव पुढच्या माणसाच्या पाठीकडे पाहत होते. डिसेंबरच्या गारठ्यात त्याचा सदरा पाठीला चिकटला होता. एकतीस वर्षं त्यांनी साक्षीदार पाहिले होते. शपथ घेऊन खोटं बोलणारे, फितणारे, पढवलेले, रडून दाखवणारे. पण कुणी समन्स काढलं नसताना, वकील नसताना, स्वतःच्याच विरुद्ध साक्ष द्यायला मोटारसायकलवरून पाठलाग करत आलेला माणूस त्यांनी पाहिला नव्हता. आणि आपण त्याला खोटं ठरवायला निघालो होतो, ते कशासाठी, तर पोरासमोर मान खाली जाऊ नये म्हणून. संध्याकाळी याच सीटवर निवेदिताला बसवणार होतो. त्यांना स्वतःची शरम वाटली, आणि ती त्यांना सवयीची गोष्ट नव्हती.

“निखिल,” ते म्हणाले, “बाजूला घे गाडी.”

ते उतरले. पुढे येऊन त्यांनी दार उघडलं. “मच्छिंद्रराव, या बाहेर.”

“साहेब, तुमी बसू नगा. पाया पडतो.”

“मी नाही बसत. कुणीच बसणार नाही. तुम्ही मागे या.” मग जरा थांबून, रस्त्याकडे पाहत, ते म्हणाले, “चुकलं माझं.”

मागे तिघांची दाटी झाली. डिकी आधीच भरलेली, त्यामुळे ओटीची फळांची करंडी मच्छिंद्राच्या मांडीवर आली. गुडघे लांब करता यावेत म्हणून रजनीताईंना तिरकं बसावं लागलं, आणि एकतीस वर्षं खुर्चीवर ताठ बसलेले शिरस्तेदार दाराला चिकटून अर्ध्या ढुंगणावर बसले. कुणी तक्रार केली नाही. उशी मात्र घाईत पुढेच राहिली.

तीर्थपुरीत निवेदिताच्या सासरी अंगणात मांडव घातला होता. गाडीचा आवाज ऐकून ती बाहेर आली. हिरवी साडी, फुलांची वाडी अंगावर, चालताना एक हात कमरेवर. सासूबाई मागून ओरडत होत्या, हळू गं, पायऱ्या आहेत. पण आईची गाडी आली म्हटल्यावर कोण हळू चालतं? ती सरळ डावीकडे पुढच्या दाराशी आली, कारण आई तिथेच असते, लहानपणापासून तिथेच असते. हसत हसत तिने दार उघडलं.

मागे सरकवलेली सीट. तिच्यावर निळ्या चौकडीची उशी. दुसरं काही नाही.

तिचं हसू ओठांवरच विझलं. दार धरलेला हात तसाच राहिला. ड्रायव्हरच्या जागेवर निखिल, त्याचा चेहरा अजून पांढराफटक. ती त्याच्याकडे बघत राहिली. “दादा,” ती म्हणाली, “आई कुठंय?”

मच्छिंद्राने मागच्या सीटवरून हे पाहिलं. करंडी मांडीवर धरून तो ढसाढसा रडायला लागला.

“अगं, मी इथे आहे,” रजनीताई घाईघाईने म्हणाल्या. “इथे, मागे. आहे मी, निवू. आहे.”